लग्न रविवारी, बर्फ शनिवारी

थंडाव्याचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो. डेअरीवाले वर्षानुवर्षं जे करतात ते मोठ्या इमारतींच्या एसीलाही करता येतं, असं ते वाक्य. म्हणजे वीज स्वस्त असेल तेव्हा बर्फ करून ठेवायचा आणि महाग असेल तेव्हा तो वितळवून गारवा घ्यायचा. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर बर्फालाच देतोय. ज्या पत्रांत नुसतं ‘किती खर्च येईल?’ एवढंच विचारलंय, त्यांना उत्तर नाही. टाकी कुठे बसणार, लोड किती तास चालणार आणि बिल कसलं येतं, हे कळल्याशिवाय खर्च सांगणारा माणूस विक्रेता असतो.

प्रश्न : साहेब, सांगली जिल्ह्यात आमचं मंगल कार्यालय आहे. हॉल आठशे माणसांचा. आता एसी नसेल तर पार्टी दुसरीकडे जाते. ठेकेदाराने १२० टनांचा अंदाज दिलाय, शिवाय नवा ट्रान्सफॉर्मर आणि मोठा जनरेटर. वर्षाला पन्नास-साठ कार्यं होतात, तेवढ्यासाठी एवढं घालायला मन धजत नाही. बर्फाच्या टाक्यांनी काही जमेल का?

उत्तर : जमेल. तुमच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक या युक्तीला क्वचितच मिळतं. एक तर लोड थोड्या तासांचा पण जबरदस्त. दुसरं म्हणजे तो कधी येणार हे तुम्हाला सहा महिने आधी माहीत असतं, पंचांगात छापलेलं असतं. ऑफिसवाल्यांना उद्याचं ऊन किती पडणार याचा अंदाज बांधत बसावं लागतं. तुमच्याकडे बयाणा घेतलेली तारीख असते.

ठेकेदाराचा १२० टनांचा आकडा तूर्त खरा धरू. हा टन वजनाचा नव्हे, गारव्याचा : एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता काढून टाकणं. आठशे माणसं, प्रत्येक माणूस साधारण सव्वाशे वॅटची उष्णता सोडतो, म्हणजे नुसत्या वऱ्हाडाचेच २८ टन झाले. वर दिवे, फोकस, सतत उघडी राहणारी दारं आणि बाहेरची चाळीस अंशांची हवा. पण हा लोड दिवसभर सारखा नसतो. दहाला माणसं यायला लागतात, साडेबाराच्या मुहूर्ताला अक्षता पडताना हॉल खच्चून भरतो, जेवणं सुरू झाली की निम्मा रिकामा होतो. दहा ते तीन असे पाच तास धरले आणि सरासरी ८० टक्के लोड धरला, तर लागतात ४८० टन-तास. टन-तास म्हणजे एका टनाची यंत्रणा एक तास चालली की जेवढा गारवा मिळतो तेवढा.

आता १२० ऐवजी ३० टनांचा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्या. बर्फ करताना त्याला ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) मिसळलेलं पाणी शून्याखाली चार-पाच अंशांवर न्यावं लागतं, त्यामुळे त्याची ताकद घटून साधारण २० टनांवर येते. लग्न रविवारी दुपारी असेल तर चिलर शनिवारी सकाळी ९ ला सुरू करायचा, संध्याकाळी ५ ला बंद. संध्याकाळी पाच ते रात्री बारा वीज महाग (का, ते पुढे पुण्याच्या पत्रात), तेव्हा हात लावायचा नाही. रात्री बाराला पुन्हा सुरू, तो रविवारी सकाळी दहापर्यंत. आठ अधिक दहा, अठरा तास. अठरा गुणिले वीस, ३६० टन-तासांचा बर्फ टाकीत जमला. रविवारी तोच चिलर नेहमीच्या तापमानावर पाच तास चालेल, त्याचे १५०. बेरीज ५१०. गरज ४८० ची आहे, उरलेले तीस टाकीच्या अंगातून झिरपणाऱ्या उष्णतेसाठी आणि उशिरा लागणाऱ्या लग्नांसाठी. उशीर होत नाही असं सांगू नका, मीही दोन मुलींची लग्नं केली आहेत.

बाराशे वॅटला एक टन असा हवेवर थंड होणाऱ्या चिलरचा ढोबळ हिशेब धरला, तर १२० टनांना १४४ किलोवॅट लागतात, ३० टनांना ३६. मंजूर भारातला हा फरक आहे. कार्यालय चातुर्मासात रिकामं पडलेलं असतानाही या मंजूर भाराच्या काही टक्क्यांवर डिमांडचे, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता त्याचे, पैसे लागत राहतात, ते वाचतात. ट्रान्सफॉर्मरचा खर्चही बहुधा वाचेल. मात्र एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत : हॉलमधले पंखे, डक्ट, हवा गार करून फिरवणारी एअर हँडलिंग युनिटं यांत कपात नाही. हॉलला गारवा १२० टनांचाच द्यायचाय, तो वाहून नेणारी यंत्रं तेवढीच मोठी लागतात.

जनरेटरचं म्हणाल तर हा खरा आनंदाचा भाग आहे. ऐन मंगलाष्टकांत वीज गेली तर चिलर बंद राहू द्या. जनरेटरवर फक्त पंप आणि पंखे चालवा, टाकीतला बर्फ हॉल गार ठेवतो. शंभर टनांचा लोड असला तरी भरलेली टाकी साडेतीन तास पुरते.

३६० टन-तासांचा बर्फ म्हणजे वजनात साडेतेरा टन. कॉइल (ज्यांच्यावर बर्फ जमतो त्या नळ्या), टाकी, इन्सुलेशन धरून पंचवीस घनमीटरच्या आसपास जागा लागेल. टाकी जमिनीवरच ठेवा. गच्चीवर ठेवायचा सल्ला कुणी दिला तर आधी स्लॅब टाकणाऱ्या इंजिनिअरला फोन करा.

ग्लायकॉल हा शब्द ऐकून काही जण गाडीचा कूलंट ओततात. तसं करू नका. त्यातल्या द्रव्यांचा थर नळ्यांच्या आत बसतो. शिवाय एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, ते तुमच्या भटारखान्याच्या आसपास ठिबकता कामा नये. प्रॉपिलीन जातीचं घ्या, थोडं महाग पडेल.

आता अडचण. बुकिंगचं तीन वर्षांचं रजिस्टर काढा आणि दोन गोष्टी मोजा. पहिली, लागोपाठच्या तिथी किती? रविवारी दुपारी लग्न आणि सोमवारी दुपारी दुसरं, तर रविवारी तीन ते सोमवारी दहा, एकोणीस तास मिळतात. त्यातले संध्याकाळचे महागडे तास वगळले तर टाकी भरत नाही, म्हणजे त्या रात्री महाग वीज सोसायची. चालेल, मेमधल्या मोजक्या रात्री असतील. दुसरी गोष्ट जास्त गंभीर : एकाच दिवशी दुपारी लग्न आणि सातला रिसेप्शन किती वेळा? मध्ये चारच तास, त्यात जमतो ८० टन-तासांचा बर्फ, आणि रिसेप्शनला चारशे तरी हवेत. असे दिवस वर्षात तीन-चार असतील तर त्या दिवशी रिसेप्शनच्या पार्टीला लॉन द्या. वीस-पंचवीस असतील तर ३० टनांचा विचार सोडा, ५० टनांचा चिलर आणि मोठी टाकी असा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. रजिस्टरचा आकडा कळवा, मी मांडून देतो.

टाकी बसली की तिच्या बाजूला एक उभी पारदर्शक नळी लावून घ्या. पाण्याचा बर्फ होताना तो नऊ टक्क्यांनी फुगतो, कॉइलला धरून असल्यामुळे वर तरंगत नाही, त्यामुळे उरलेलं पाणी नळीत वर चढतं. रिकाम्या टाकीच्या पातळीला एक खूण, भरलेल्या टाकीच्या पातळीला दुसरी. मी एका ठिकाणी नेलपॉलिशने खुणा केल्या होत्या, अजून आहेत. कार्याच्या सकाळी तुमचा मॅनेजर फुलांच्या माळा आणि केळीचे खांब मोजतो ना, त्याच फेरीत ही नळीही बघेल. पाणी वरच्या खुणेला नसेल तर सकाळी आठलाच कळेल, साडेबाराला नव्हे.

प्रश्न : सर, मी कराडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एसीला ‘टन’ का म्हणतात? वर्गात सांगितलं ते फक्त ३.५१७ किलोवॅट.

उत्तर : कारण यंत्रं यायच्या आधी गारवा बर्फाच्या लाद्यांनीच विकत मिळायचा. अमेरिकेत हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फ कापून साठवायचे, तो जहाजांत भुशात गुंडाळून पार कोलकात्यापर्यंत आणायचे. पहिलं जहाज १८३३ मध्ये आलं. पुढे मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरं झाली. चेन्नईच्या समुद्रकाठी त्यातली एक इमारत आजही उभी आहे, विवेकानंदांचं वास्तव्य झाल्यामुळे ती आता त्यांच्या नावाने ओळखली जाते. यंत्रं आली तेव्हा लोकांनी विचारलं, हे यंत्र किती बर्फाचं काम करतं? एक अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड, आपल्या मापात ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढं काम करणारं यंत्र एक टनाचं.

करून बघ : एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल ओढतो. त्याला ९०७ ने गुण, चोवीस तासांच्या सेकंदांनी, म्हणजे ८६,४०० ने भाग. साडेतीन किलोवॅट येतात. परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण एका टन-तासाला ३८ किलो बर्फ हे यातूनच निघतं, आणि तो आकडा तुला नोकरीत रोज लागेल.

प्रश्न : पुण्यात आमची आयटी कंपन्यांना भाड्याने दिलेली इमारत आहे. २०१२ साली बर्फाच्या टाक्या बसवल्या, तेव्हा रात्री १० ते सकाळी ६ विजेला सवलत होती. आता ती सवलतच गेली. सल्लागार म्हणतात, टाक्या भंगारात काढा. काढाव्यात का?

उत्तर : घाई करू नका. आधी टाक्यांचं घड्याळ बदलून बघा.

तुमच्यासारखी पाच पत्रं आली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बर्फाने वीज वाचते हा गैरसमज आहे. बर्फ करायला उलट जास्त वीज लागते. चिलरला सात अंशांचं पाणी करायला जितके कष्ट पडतात त्याहून उणे पाचचं ग्लायकॉल करायला जास्त पडतात, मोटर तितकी जास्त ओढते. रात्रीच्या गार हवेचा थोडा फायदा धरूनही वीस-पंचवीस टक्के वीज जादा जाते असं समजा. वाचतात ते पैसे, आणि तेही जर दोन वेळांच्या दरांतला फरक या वीस-पंचवीस टक्क्यांहून मोठा असेल तरच.

महाराष्ट्रात हा फरक वर्षानुवर्षं रात्रीच्या बाजूला होता. रात्री युनिटमागे दीड रुपयापर्यंत सूट, सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते १० जादा आकार. म्हणून आम्ही सगळे रात्रपाळीचे बर्फवाले. मग सौर वीज आली. दुपारी ती इतकी तयार होते की घ्यायला कुणी नाही, आणि सूर्य मावळला की सगळ्यांना एकदम हवी असते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी चौकट घालून दिली : उन्हाच्या तासांत नेहमीच्या दराहून किमान २० टक्के कमी, आणि महाग तासांत व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना किमान २० टक्के जास्त. आपल्याकडे २०२५ च्या दररचनेत सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेवर आली आणि जादा आकार संध्याकाळी ५ ते रात्री १२ वर. पक्के दर मी इथे छापत नाही, कारण आदेशावर आदेश निघतात. तुमच्या बिलात वेळेनुसार युनिटांचा तक्ता असतो, तोच प्रमाण माना.

नेहमीचा दर १०० धरू. संध्याकाळी सात वाजता थेट चिलर चालवून गारवा घेतलात तर १२० पडले. तोच गारवा रात्री दोन वाजता बर्फ करून ठेवलात, वीज सव्वापट, दर साधा : १२५. म्हणजे रात्रभर जागून पाच गमावले. तुमची यंत्रणा आजही जुन्याच वेळापत्रकावर चालत असेल तर नेमकं हेच होतंय. आता तोच बर्फ दुपारी करा. सव्वापट वीज, दर ८० : बरोबर १००. संध्याकाळच्या १२० पुढे वीस वाचले, सहावा हिस्सा.

अडचण कुठे आहे तर दुपारी इमारतीलाच गारवा हवा असतो. एकच चिलर एका वेळी उणे पाच आणि अधिक सात अशी दोन तापमानं देऊ शकत नाही. उणे पाचवर चालवून त्यातूनच इमारतीला पाणी दिलंत तर सगळाच गारवा महाग करून घ्याल. तुमच्याकडे तीन चिलर असतील तर एक बर्फाला बांधून टाका, दोन इमारतीला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात दुपारी निम्मी यंत्रं रिकामीच असतात, तेव्हा काहीच प्रश्न नाही. एप्रिल-मेमध्ये दोन्ही कामं एकदम आली की डिमांड चढेल, आणि एकदा चढलेली डिमांड उच्चदाबाच्या बिलात पुढे कित्येक महिने पाठ सोडत नाही. त्या दोन महिन्यांत बर्फ रात्री बारानंतर करा, आणि दुपारच्या सर्वात तापलेल्या तास-दीड तासापुरता डिमांड दाबायला वापरा. त्यात युनिटांवर तोटा होईल, तो डिमांडच्या बचतीशी ताडून बघा. तोटा जास्त निघाला तर ते दोन महिने टाकी बंद ठेवली तरी चालेल.

तुमच्या भाडेकरूंपैकी किती जण अमेरिकेच्या वेळेवर काम करतात हे पत्रात लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे. संध्याकाळी ५ ते रात्री १२ या वेळेत मजले भरलेले असतील तर टाक्या सोन्याच्या आहेत. साडेसहाला इमारत रिकामी होत असेल तर वितळवायचा कुणासाठी? मग सल्लागार बरोबर.

प्रश्न : आमच्या दूध शीतकरण केंद्रावर आइस बँक, म्हणजे बर्फ साठवायची टाकी, आहे. दोन वर्षांत बिल वाढलं, पण दूध आधीइतकं गार होत नाही. ऑपरेटर म्हणतो बर्फ भरपूर आहे, झाकण उघडलं की पांढराशुभ्र दिसतो. कॉम्प्रेसर बदलावा का?

उत्तर : बर्फ भरपूर आहे हाच तुमचा आजार असावा.

१९९१ साली मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डेअरीत शिकाऊ होतो. रात्रपाळी माझी. टाकीत जितका बर्फ जास्त तितकी सकाळ निर्धास्त, असं मला वाटायचं, म्हणून कॉम्प्रेसर चालूच ठेवला. टाकीच्या तळातून हवेचे बुडबुडे सोडणारा ब्लोअर मध्यरात्री ट्रिप झाला होता, तिकडे लक्ष नाही. सकाळी झाकण उघडलं तर एका कॉइलचा बर्फ दुसऱ्याला जाऊन मिळालेला, सगळी टाकी म्हणजे एकच लादी. छान वाटलं. साडेसहाला दूध सुरू झालं आणि टाकीतून पाणी यायला लागलं सात अंशांचं. दूध दहाच्या खाली उतरेना. पाणी त्या लादीच्या वरून वरून सरकत होतं, बर्फात शिरायला वाटच नव्हती. मी बांबू घेऊन बर्फ फोडायला धावलो तर आमच्या म्हाताऱ्या फिटरने हात धरला. म्हणाला, ‘‘पोरा, कॉइलला भोक पाडशील, मग दूध राहू दे, अमोनिया हुंगत बस.’’ होजपाइपने नळाचं पाणी मारत बसलो, तीन तास. त्या दिवशी एक टँकर आम्लता वाढून परत आला. माझ्या पगारातून काही कापलं नाही, पण साहेबांनी लॉगबुकात माझ्याच अक्षरात सगळं लिहून घेतलं.

बर्फ हा उष्णतेचा वाईट वाहक आहे. पोलादाच्या मानाने वीस पटींहून जास्त वाईट. नळीवर पहिला सेंटिमीटर पटकन चढतो. पुढचा प्रत्येक थर आधीच्या थरातून उष्णता ओढत चढवावा लागतो, त्यासाठी कॉम्प्रेसर आणखी खाली जातो, किलोमागे युनिटं वाढतात. डेअरीच्या टाकीत पस्तीस-चाळीस मिलिमीटर जाडी पुष्कळ झाली, आणि दोन नळ्यांवरच्या बर्फांमध्ये पाणी वाहायला फट राहिलीच पाहिजे. जाडी मोजायला लोखंडी पट्टी वाकवून एल आकाराची करा, आत घालून बघा. ऑपरेटरच्या डोळ्यांवर विसंबू नका, पांढरं सगळ्यांनाच आवडतं.

आठवड्यातून एकदा टाकीतला बर्फ पूर्ण वितळू द्या. रोज थोडा थोडा उरत गेला की जुना बर्फ आतल्या आत बसतो, त्याचा उपयोग शून्य आणि अडथळा मोठा. ब्लोअर चालतोय का, त्याच्या नळीची भोकं क्षारांनी बुजलीत का, बघा. जाडी ओळखून कॉम्प्रेसर बंद करणारा प्रोब काम करतोय का तेही बघा. तुमच्याकडे बहुधा कुणीतरी तो बायपास केलेला निघेल.

हे झालं की वेळा बदला. हजार लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणायला पावणेचारशे किलो बर्फ वितळतो. संध्याकाळचं तुमचं संकलन दहा हजार लिटर असेल तर पावणेचार टन. तेवढा बर्फ सकाळी ९ ते ५ मध्ये, स्वस्त तासांत, तयार असला पाहिजे. संध्याकाळी दूध येईल तेव्हा कॉम्प्रेसर बंद, फक्त पाण्याचा आणि दुधाचा पंप चालू. सकाळच्या दुधाचा बर्फ रात्री बारानंतर. जुन्या वेळापत्रकात ऑपरेटर रात्री दहाला कॉम्प्रेसर सुरू करून झोपायचा, ती सवय मोडायला तुम्हाला कॉम्प्रेसर बदलण्यापेक्षा जास्त त्रास होईल. नवा कॉम्प्रेसर तूर्त नको.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. नदीपलीकडे न्यूयॉर्कला बँक ऑफ अमेरिका टॉवरच्या तळघरात बर्फाच्या ४४ टाक्या आहेत, रात्री बर्फ करतात. इथे चालतं तर मुंबईच्या टॉवरांत का दिसत नाही?

उत्तर : त्या इमारतीचं स्वतःचं ४.६ मेगावॅटचं वीजघर आहे, गॅसवर चालणारं. ते रात्रीही चालतं, तेव्हा इमारत झोपलेली असते, मग ती वीज बर्फात घालतात. शिवाय तिथे उन्हाळ्यातल्या दुपारच्या डिमांडचे पैसे सणसणीत. मुंबईत तळघराचा प्रत्येक चौरस फूट पार्किंगला हवा असतो आणि बिल्डर इमारत विकून मोकळा होतो, पुढची तीस वर्षं बिल भरणारा दुसराच. यंत्रशास्त्राचा प्रश्न नाही हा.

प्रश्न : भाऊ, आम्ही अकोल्याचे. मे महिन्यात रात्री पंख्यासमोर परातीत बर्फ ठेवते. मुलं म्हणतात गार वाटतं, हे म्हणतात उगीच. फ्रिजमध्ये रोज पाच किलो बर्फ लावते. काय खरं?

उत्तर : ताई, दोघंही खरे. पाच किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढं काम एक टनाचा एसी आठ मिनिटांत करतो. परातीच्या पुढ्यात झोपलेल्या मुलाला तेवढी झुळूक नक्की गार लागते. पण तो बर्फ तुमच्याच फ्रिजने केला, आणि फ्रिजने पाण्यातून काढलेली उष्णता, वर स्वतःच्या मोटरची उष्णता, मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडली. घराचा हिशेब केला तर घर थोडं तापलंच. बर्फ शेजारच्या घरच्या फ्रिजमधून आणलात तर मात्र नफा तुमचा.

अकोल्याच्या कोरड्या हवेत त्यापेक्षा डेझर्ट कूलर कितीतरी पुढे आहे. पाण्याचं बाष्प होताना ते बर्फ वितळण्याच्या सातपट उष्णता ओढतं, आणि त्यासाठी फक्त एक पंखा आणि लहानसा पंप लागतो. बर्फ कूलरच्या टाकीत टाकतात काही जण, त्याने फारसं काही होत नाही. पॅडवरचे क्षार खरवडा किंवा गवत बदला, आणि कूलरसमोरच्या भिंतीतली खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर ओली हवा खोलीतच कोंडते. पाऊस सुरू झाला की कूलर बंद.